ताई, ते रोप उपटू नका

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"दोन वर्षांपूर्वी लेकानं पुण्याहून ॲव्होकॅडो आणले होते. खाऊन झाल्यावर एक कोय मी पाण्याच्या पेल्यावर ठेवली, मोड आल्यावर कुंडीत लावली. आता रोप माझ्या छातीला लागतंय. पण पानांची टोकं करपतात, कडा तपकिरी होतात. पाणी बोअरचं आहे. आमचे हे म्हणतात, थंड मुलखातलं झाड इथल्या उन्हात टिकायचं नाही आणि बियांच्या रोपाला फळ येईस्तोवर आपण म्हातारे होऊ. काढून टाक, केशर आंबा लाव. शेजारच्या आजी म्हणतात, पाण्याची एवढी बोंब असताना ही हौस कशाला? परसात जागा आहे, माती काळी आहे. रोप आत्ताच जमिनीत लावू का? नर्सरीत 'हास' जातीच्या ॲव्होकॅडोचं कलम मिळतंय, ते घेऊ का? खरं काय ते सांगा."

ताई,

उपटू नका. पत्र अर्ध्यावर आलं तेव्हाच मी हे मनाशी म्हटलं, म्हणून आधी तेच लिहिते. परभणीचा पारा मे महिन्यात 42-43 च्या पुढे जातो. तापलेल्या कुंडीत राहून ज्या रोपानं असे उन्हाळे काढले, ते उन्हानं मरायचं नाही. त्याचं दुखणं मुळांशी आहे.

तुमच्या घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ॲव्होकॅडोचे तीन वंश मानतात: मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. पहिले दोन डोंगराळ, गार हवेतले. तिसरा मात्र सखल, उष्ण प्रदेशातला. ऊन आणि थोडं खारं पाणी इतरांपेक्षा तोच जास्त सोसतो. म्हणून लेकाला एवढं विचारा, की ते फळ कसं होतं? लहान, जाड खडबडीत सालीचं आणि पिकल्यावर काळपट झालेलं असेल तर ते हास किंवा त्याच्या जवळचं, म्हणजे बरंचसं ग्वाटेमालन रक्ताचं. मोठं, गुळगुळीत, पातळ हिरव्या सालीचं आणि गराला जरा पाणचट असेल तर ते बहुतेक दक्षिणेकडचं, कूर्ग किंवा तमिळनाडूच्या डोंगरातलं 'बटर फ्रूट'. त्यात वेस्ट इंडियन रक्त असण्याची शक्यता चांगली. आणखी एक करून बघा. एक पान तोडून तळहातावर चुरगाळा आणि वास घ्या. बडीशेपेसारखा वास आला तर मेक्सिकन अंश आहे. काहीच वास आला नाही तर परभणीच्या दृष्टीनं बरं.

आता मुळांचं. माझं पहिलं ॲव्होकॅडो मी अंबाजोगाईला घरामागच्या काळ्या मातीत लावलं होतं. आंब्याला करतात तसा दोन फूट खड्डा, भरपूर शेणखत, भोवती छान आळं. उन्हाळाभर झाड हिरवंगार होतं. मला वाटलं, जिंकलो. श्रावणात पाच-सहा दिवस झड लागली, आळ्यात पाणी उभं राहिलं आणि भाद्रपदात पानं मलूल होऊन लोंबायला लागली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून मी वरून आणखी पाणी घातलं. महिन्याभरात झाड वाळलं. उपटलं तेव्हा ते हातात सहज आलं, काहीच धरून ठेवत नव्हतं. मुळं काळी पडलेली, बोटानं दाबली की तुटत होती, पांढरं नवं मूळ एकही नाही. ऊन-वारा सोसलेलं झाड मी पाण्यात बुडवून मारलं, हे मला अजून टोचतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा भाग सविस्तर लिहितेय.

फायटोफ्थोरा नावाचा रोगकारक या झाडाच्या मुळांवर जगभर टपून असतो. मातीत पाणी साचलं, हवा कोंडली की तो फोफावतो. ॲव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं अगदी वरवर, दीड-दोन फुटांत पसरतात आणि त्यांना बारीक केसमुळं जवळजवळ नसतात. त्यामुळे त्यांना ओल लागते, पण हवाही लागते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगून बंद होते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडते. दोन्ही ऋतूंत ती या झाडाला नडते.

म्हणून खड्डा करूच नका, उंचवटा करा. जमीन वीतभर नुसती खणून भुसभुशीत करा. तिच्यावर मुरमाड माती, पोयटा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत यांचा ढीग घाला, पाच-सहा फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच. ढीग पहिल्या पावसात बसतो, म्हणून आधी जरा जास्तच उंच ठेवा. रोप त्याच्या माथ्यावर. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. 'आला पोळा, पाऊस झाला भोळा' म्हणतात खरं, पण आपल्याकडे परतीचा पाऊस भोळा नसतो. तसल्या पावसात खड्ड्यातलं रोप पाण्यात उभं राहतं, ढिगावरच्या रोपाच्या मुळांना मात्र श्वास घेता येतो. माझं दुसरं झाड असंच ढिगावर आहे आणि आज ते घराच्या पत्र्याला टेकलंय.

मुरूम आणण्याआधी एक लिंबू खर्ची घाला. मूठभर मुरूम बशीत घेऊन वर लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, तो मुरूम नको. परसातल्या मातीचीही अशीच परीक्षा घ्या. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसं दिसलं तर दुकानदार साधं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, देईल, पण चुनखडीत ते मुळांपाशी पोचण्याआधीच निकामी होतं. 'इडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून पडू नये म्हणून दुसऱ्या द्रव्याशी बांधलेलं लोह, मागा, अशा जमिनीत तेच टिकतं. दुसरं स्वस्त चिलेटेड लोह 'इडीटीए' प्रकारचं असतं, ते या मातीत फारसं कामाला येत नाही.

आत्ताच लावू का, असं विचारलंत. नको. चैत्र-वैशाखात रोप हलवणं म्हणजे त्याला उघड्या तव्यावर बसवणं. ढीग मात्र आत्ताच घालून ठेवा, पावसाळाभर तो मुरेल, बसेल. रोप दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आत लावा. मग शिमग्यापर्यंत चार-पाच महिने त्याला मुळं पसरायला मिळतात आणि पुढचा उन्हाळा ते स्वतःच्या पायावर काढतं. तोवर कुंडीला दुपारच्या उन्हातून हलवा. सिमेंटच्या ओट्यावर ठेवली असेल तर खाली विटा द्या. कुंडी बाजूनं तापली की आतली मुळं भाजतात, आणि ते वरून दिसत नाही.

लावताना रोप खोडाला धरून उपसू नका. दोन वर्षांत मुळांनी कुंडीच्या तळाशी वेटोळं केलं असणार. प्लास्टिकची असेल तर कुंडी कापा, मातीची असेल तर फोडा. तिचा लोभ धरू नका. मातीचा गोळा न विस्कटता ठेवा. तळाशी गुंडाळलेली मुळं तेवढी हलक्या हातानं सरळ करा.

जागा घराच्या पूर्वेला असेल तर फार चांगलं. सकाळचं ऊन मिळतं, दुपारनंतर घराची सावली येते. पश्चिमेची पांढरी भिंत किंवा पत्र्याचं शेड जवळ नको, त्यांची झळ झाडाला उन्हाइतकीच भाजते. पहिली दोन वर्षं नैऋत्य बाजूला आडोसा हवाच. शेडनेट लावा, नाहीतर तुराट्यांचा कूड उभा करा. गावाकडून पऱ्हाट्या आल्या असतील तर त्याही चालतील. खोडाला आणि उघड्या फांद्यांना चुन्याची पातळ सफेदी द्या. या झाडाची साल कोवळी असते. एकदा उन्हानं भाजून फाटली की तिथून झाड आतून खराब होत जातं.

ढिगावर आच्छादन घाला, आणि कंजूषी करू नका. सोयाबीनचा भुस्सा, तुरीचं भुसकट, कडुनिंबाचा पाला, उसाचं पाचट, जे मिळेल ते चार बोटं जाड. फक्त खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. जंगलात हे झाड स्वतःच्याच पाचोळ्यात मुळं वर काढून वाढतं. सहा महिन्यांनी आच्छादन बाजूला सारून बघा. खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं थेट भुश्शात शिरलेली दिसतील. ती दिसली की झाड सुखात आहे असं समजा आणि आच्छादन हळूच परत ओढून घ्या. तिथे खुरपं मात्र चालवायचं नाही. गवत आलं तर हातानं उपटा. बुंध्याशी झेंडू-शेवंती लावायचा मोहही टाळा.

आता करपलेली टोकं. तुमच्या रोपाची ही खूण क्षाराची आहे, असं मला जवळजवळ नक्की वाटतं. ॲव्होकॅडो क्लोराइडच्या, म्हणजे मिठात असतो त्या क्षाराच्या, बाबतीत फार हळवं झाड आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पानाच्या टोकाशी जाऊन साठतात आणि तिथून पान जळत आत येतं. उन्हाचा चट्टा वेगळा असतो. तो उन्हाकडे तोंड असलेल्या पानांवर, मधेच, कुठेही पडतो. तुमच्या कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी खपली धरली असेल, बघा. ती वरची माती दोन बोटं काढून टाका आणि साधं, क्षार नसलेलं पाणी इतकं घाला की खालच्या भोकातून भरपूर निघून जाईल. रोज थोडं थोडं शिंपडलं की क्षार साठतच राहतात. दिवसाआड घाला, पण पोटभर. खाली बशी ठेवली असेल तर काढा.

साधं पाणी आणायचं कुठून? घरी एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी टाकीत साठवा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालेल. पण दोन चुका सर्रास होतात. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी लोक झाडाला घालतात. ते मूळ पाण्यापेक्षा खारं असतं, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच आलेले असतात. दुसरं कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ही दोन्ही पाणी फरशी पुसायला वापरा. कोंबडखत आणि मुठीनं टाकलेला युरियाही क्षारच वाढवतात, म्हणून खत म्हणजे कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तेही बेतानं.

दुपारी पानं लोंबली की लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी सहानंतर परत बघा. पानं सावरली असतील तर ते फक्त ऊन टाळत होतं. संध्याकाळीही लोंबत असतील तर आच्छादन सारून बोट खुपसा. माती वीतभर कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली आणि तरी पानं मलूल असतील तर पाणी ताबडतोब बंद करा. मुळं सडायला लागली की वरून दिसणारी लक्षणं अगदी तहानेसारखीच असतात. माझं पहिलं झाड याच फसगतीत गेलं.

बियांच्या रोपाला फळ कधी? चांगली देखभाल झाली तर सहा ते दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि फळ आईसारखंच येईल याची खात्री नाही. एवढ्यावरून ते निकामी ठरत नाही. आज जगभर खातात ते हास मूळचं असंच एका कोयीतून उगवलेलं झाड. कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्सला रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं ती कोय लावली होती. त्याला त्या रोपावर फुएर्टे जातीचं कलम बांधायचं होतं. कलम जगलं नाही. झाड तोडायचा विचारही झाला होता, पण ते राहू दिलं, आणि त्याची फळं घरच्यांना आवडली असं सांगतात. 1935 साली हासनं त्याचं पेटंट घेतलं. ते मूळ झाड 2002 पर्यंत जगलं आणि शेवटी गेलं तेही मूळकुजीनंच.

तुमच्या रोपावर असंच नशीब उघडेल या भरवशावर मी तुम्हाला थांबायला सांगत नाही. त्याला खुंट म्हणून, म्हणजे कलमाखालचं मुळांचं रोप म्हणून, वापरा. रोप जमिनीत रुजलं, खोड पेन्सिलीहून जाड झालं की चांगल्या झाडाची काडी आणून त्यावर पाचर कलम बांधून घ्या. आंब्याची कलमं बांधणारा माणूस परभणीत मिळेलच, हात तोच लागतो. मग तीन-चार वर्षांत फळ दिसू शकतं. त्यात तुमचं रोप वेस्ट इंडियन रक्ताचं निघालं तर आणखी उत्तम. इस्रायलमध्ये खारं पाणी असलेल्या भागात मुद्दाम वेस्ट इंडियन खुंटांवर कलमं बांधतात. खाली सोसणारी मुळं आणि वर चवीचं फळ, अशी ही जोडी आहे.

नर्सरीतल्या हासच्या कलमासाठी मी घाई करणार नाही. हासला फुलोऱ्याच्या आणि फळधारणेच्या वेळी कोरडी गरम हवा सोसत नाही. परभणीत झाड जगेल, पण फळ टिकवणं कठीण. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कूर्गमधल्या चेट्टळ्ळी केंद्रातून आलेले अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी, किंवा तमिळनाडूतल्या तडियनकुडिसै केंद्राचा टीकेडी-1, हे आपल्या देशात निवडलेले वाण आहेत. मी आधी त्यांची चौकशी करीन. तेही गार डोंगरातले, पण निदान इथल्या पावसाळ्यात पारखलेले. कलम कुठलंही घ्या, बुंध्याशी जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मला एकदा एका नर्सरीत भलत्या किमतीत 'हासचं कलम' म्हणून साधं बियांचं रोप दिलं होतं. घरी येऊन बघितलं तर खोड एकसंध, जोडाची गाठच नाही. लावताना तो जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

याचं फूल फार विलक्षण असतं. एकच फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून आणि दुसऱ्या वेळी नर म्हणून. 'अ' गटातल्या झाडांची फुलं सकाळी मादी होऊन उमलतात, मिटतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन उघडतात. 'ब' गटात मादी दुपारी आणि नर दुसऱ्या सकाळी. हास 'अ' गटातलं, फुएर्टे 'ब' मधलं. एकट्या झाडालाही फळ लागतं, कारण वेळा थोड्या एकमेकींत मिसळतात. पण दोन्ही गट जवळ असले की बरं. परसात दोन झाडांची जागा नसेल तर एकाच खुंटाच्या एका फांदीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब' बांधा. फुलोऱ्यात कसलीही फवारणी नको, मधमाश्या येऊ द्या. हजारो फुलं गळतील, घाबरू नका. शंभरात एकाचंही फळ होत नाही, हाच या झाडाचा स्वभाव.

शेजारच्या आजींचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि त्यांना तसं सांगा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पूर्ण वाढलेलं ॲव्होकॅडो भर उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी पिऊ शकतं. कुणी बोअरच्या भरवशावर एकरभर लावायला निघालं तर मी हात जोडून नको म्हणेन. त्यापेक्षा सीताफळ लावा, बालाघाटाच्या खडकावर ते पावसाच्या पाण्यावर उभं राहतं. पण परसातलं एक झाड, जाड आच्छादन, एसीचं आणि पन्हाळीचं पाणी, आणि दरवर्षी छाटून दहा-बारा फुटांवर राखलेली उंची एवढं सांभाळलं तर आजींच्या घागरीतलं पाणी तुम्ही घेत नाही. यजमानांना केशर लावायचा असेल तर तोही लावू द्या, पलीकडच्या कोपऱ्यात.

फळ आलं की झाडावर पिकायची वाट बघू नका. ते झाडावर पिकतच नाही, उतरवल्यावरच मऊ पडतं. एक फळ देठासकट काढून फळीवर ठेवा. आठ-दहा दिवसांत न सुरकुतता मऊ झालं तर बाकीची काढायला हरकत नाही. सुरकुतून चिवट झालं तर महिनाभर थांबा. आढी आंब्यासारखीच घाला, सोबत एखादं पिकलं केळं ठेवलं की लवकर पिकतं. गर भाकरीवर पसरा, वर कांदा, लिंबू, मीठ आणि ठेचा. शिजवू मात्र नका, कडवट होतो.

जाता जाता, तुमच्या गल्लीत कुणाकडे शेळ्या असतील तर कुंपण आधी घाला आणि रोप मग लावा. ॲव्होकॅडोच्या पानांत आणि सालीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला गरातून त्रास होत नाही, पण शेळी-मेंढी, गाय, घोडा, कोंबड्या, पिंजऱ्यातले पोपट यांना ते विषारी आहे. दुभत्या शेळीची कास सुजते, जास्त खाल्लं तर हृदयावर जातं. आपल्याकडे कुठलीही छाटणी झाली की तो हिरवा पाला आपण सहज शेजारच्या शेळीपुढे टाकतो. उस्मानाबादी शेळी तर समोर आलेला पाला सोडत नाही. या झाडाची छाटलेली पानं तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. ती त्याच झाडाच्या ढिगावर, आच्छादनाखाली दाबून टाका.